थोडंसं देणं

मोबाइल थरथरला तेव्हा तिच्या डाव्या हातातल्या चिमट्यात एका अनोळखी बाईचा दात होता. वरचा, पुढचा, हसताना सगळ्यांत आधी दिसणारा. अजून त्याला दात म्हणणं धाडसाचंच होतं. धातूच्या इवल्याशा टोपीवर पांढऱ्या भुकटीचा ओला थर ती ब्रशने चढवत होती, आणि थर ओला असताना दुसरीकडे बघायचं नाही हा लॅबच्या मालकांचा, मास्तरांचा, पहिल्या दिवसापासूनचा दंडक. थर अर्धवट सुकला की भट्टीत तडा जातो, आणि तडा गेला की सगळं पहिल्यापासून. इतक्या वर्षांत तिने हा दंडक मोडला नव्हता. आज मोडला. कोपराने मोबाइल सरकवला आणि मान वाकडी करून वाचलं. तुमच्या क्रेडिट स्कोअरमध्ये बदल झाला आहे, बघण्यासाठी इथे दाबा. बदल म्हणजे वर की खाली हे सांगायचं नाही, तेवढी मजा राखून ठेवायची. तिने करंगळीने दाबलं. सहाशे एक्क्याऐंशी. गेल्या महिन्यात हाच आकडा सातशे बेचाळीस होता. चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा जिथे होता तिथेच होता, रंगीत अर्धवर्तुळाच्या पिवळ्या भागात, आणि खाली कुणीतरी समजूत घातल्यासारखं लिहिलं होतं, 'ठीक'.

ठीक म्हणे. बँकेतल्या कर्जाच्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, सातशे वीसच्या वर असाल तर काम होईल, खाली असाल तर माझ्या हातात काही नाही. शुक्रवारी अर्ज द्यायचा होता आणि आज बुधवार होता. अर्ज या लॅबसाठी होता. लॅब म्हणजे तरी काय, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगा, आतल्या खोलीत दोन टेबलं, दोन दिवे आणि ती बुटकी भट्टी. मास्तरांचे हात आता थरथरायला लागले होते. पुतण्या म्हणत होता, शेजारच्या दुकानाला गोदाम हवंय, देऊन टाका, भट्टी भंगारात जाईल. मास्तर तिला म्हणाले होते, "तू घेणार असशील तर तुला. पण सोमवारच्या पुढे मी पोराला थोपवू शकत नाही." सतरा वर्षं ती या टेबलाशी बसली होती. माणसाच्या तोंडात घर केल्यासारखा बसणारा दात तिला घडवता येत होता, आणि दुसरं काहीही येत नव्हतं. या वयात दुसऱ्याच्या लॅबमध्ये जाऊन कालच्या मुलांच्या शेजारी बसायचं, मेण वितळवण्यापासून सुरुवात करायची, या कल्पनेने तिच्या अंगावर काटा यायचा.

मी काय केलं. हा प्रश्न तिच्या डोक्यात आला तो पोलिसाने दारात उभं राहून विचारल्यासारखा. काय केलं मी. पतसंस्थेचा हप्ता चुकला का. नाही, हप्त्याच्या आधी तीन दिवस ती पैसे भरून मोकळी होत होती. लाइटबिल, पाण्याचं बिल, मोबाइल, सगळं भरलेलं. कुठे अर्ज केला का, कुणाला चौकशी करू दिली का. मॉलमध्ये एका मुलीने हसत हसत कार्ड घ्या मॅडम म्हणून गळ घातली होती, पण तिथून ती जवळजवळ पळालीच होती. काही न करताही माणसाचं वाटोळं होतं हे तिला चांगलं माहीत होतं, म्हणून तर ती पुन्हा पुन्हा आठवून बघत होती. मागच्या वेळीही तिने काहीच केलं नव्हतं.

मागच्या वेळी तिने फक्त लग्न मोडलं होतं. तेही भांडून नाही, आदळआपट न करता, दोन्हीकडच्या वकिलांनी चहा पिता पिता. घर सोडताना तिने स्वतःचे कपडे, ब्रशांचा डबा आणि आईचा तांब्या एवढंच घेतलं होतं. सोफा, फ्रिज, ती मोठी कपाटं, सगळं तिथेच राहिलं, आणि त्या सगळ्यासाठी दोघांच्या नावावर काढलेलं कर्जही. "कर्जाचं मी बघतो," नवरा म्हणाला होता. इतकं सहज म्हणाला की तिला त्याच्याबद्दल क्षणभर बरंसुद्धा वाटलं. तिची समजूत अशी की कोर्टाने कागदावर शिक्का मारला म्हणजे सगळं सुटलं, जे जे म्हणून दोघांचं होतं ते. लग्न सुटलं, कर्ज सुटलं नाही. नवऱ्याने आठ-नऊ महिने काही बघितलं नाही. त्याच्या मनात काही वाकडं होतं असंही नाही, तो तसाच होता, गॅस चालू ठेवून बाहेर जाणारा. आणि एक दिवस बाबांच्या दारात वसुलीवाला उभा राहिला. ती लॅबमध्ये होती. तो जिन्यातच उभा राहून वरच्या खालच्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिचं नाव घेऊन, रक्कम सांगून, घरात कोण आहे विचारत होता. बाबा बनियनवर बाहेर आले. म्हणाले, "आमच्याकडे कुणाचं काही राहत नाही." वसुलीवाला हसला आणि त्याने मोबाइलवर सगळं दाखवलं.

आमच्याकडे कुणाचं काही राहत नाही. हे बाबांचं आयुष्यभराचं वाक्य होतं. बाबा किल्ल्या करायचे. चौकातल्या दवाखान्याच्या भिंतीला टेकून त्यांचं टपरीवजा दुकान होतं, अजूनही सकाळी दोन तास ते तिथे बसायचे. मूळ किल्ली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर यंत्रात लावायची, नवी किल्ली कापायची, कानशीने घासायची, दोन्ही गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायच्या आणि पैसे घ्यायचे. नंतर येतो, ठेवून द्या, असं कुणी म्हणालं तर बाबा किल्ली परत करायचे. दुसऱ्याची किल्ली रात्री आपल्या घरात नको. एकदा एक बाई गडबडीत किल्ल्यांचा जुडगा विसरून गेली तर बाबा जेवण टाकून, विचारत विचारत तिच्या घरी देऊन आले होते. ती तेव्हा लहान होती, त्यांच्यासोबत गेली होती, आणि परत येताना बाबांची चाल इतकी हलकी झाली होती की तिला त्यांच्याबरोबर धावावं लागलं होतं. वाण्याची उधारी नाही, शेजाऱ्याकडून वाटीभर साखर नाही. आणलीच तर संध्याकाळच्या आत परत, वर थोडी जास्त. अशा माणसाच्या जिन्यात वसुलीवाला उभा राहिला. त्यानंतर आठवडाभर बाबा दुकानात गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. तिने तेव्हा स्वतःचा हार विकून नवऱ्याचंही देणं फेडलं आणि बाबांना कागद दाखवला. बाबांनी तो वाचला आणि म्हणाले, "संपलं ना आता?" ती म्हणाली, "संपलं."

संपलं नव्हतं, हे तिला पुढे बँकेत कळलं. देणं फिटतं पण नंबर फिटत नाही. कर्जाच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी समजावलं होतं, "नंबर म्हणजे तुमच्याकडे किती पैसे आहेत ते नाही हो. तुम्ही देणं कसं निभावता ते. तुमच्याकडे आता देणंच नाही, मग आम्ही बघायचं काय? एखादं छोटं कर्ज काढा, वेळेवर हप्ते भरा. मोठ्या कर्जाचा अर्ज होईपर्यंत ते चालू राहू दे, काही झालं तरी बंद करू नका." म्हणजे गरज नसताना कर्ज काढायचं. तिने गल्लीतल्या पतसंस्थेत स्वतःचीच ठेव तारण ठेवली आणि स्वतःच्याच पैशांवर कर्ज काढलं, वर व्याज भरलं. हा विनोद कुणाला तरी सांगावा असं तिला फार वाटायचं. बाबांना सांगणं शक्यच नव्हतं. त्या जिन्याच्या प्रसंगानंतर कर्ज हा शब्द घरात उच्चारायची तिची छाती नव्हती. त्यांना एवढंच माहीत होतं की नंबर नावाचं काहीतरी आहे, ते आजाऱ्यासारखं हळूहळू सुधारतंय, आणि ते सुधारलं की लेकीला लॅब मिळणार आहे. अलीकडे तर ते रोज संध्याकाळी, ती चप्पल काढते न काढते तोच विचारायचे, "आज काही मेसेज आला का?" तिला वैताग यायचा. परीक्षेच्या निकालासारखं रोज काय विचारायचं. परवा ती फटकन बोललीसुद्धा, "आला की सांगेन ना, बाबा." बाबा पेपर उलटा-सुलटा करत राहिले.

नवरा. दुसरं कोण असणार. तिचा हात आपोआप त्याच्या फोन नंबरवर गेला. असं तर नाही की त्याने दोघांच्या नावावर आणखी काही काढून ठेवलं होतं, जे तिला माहीतच नव्हतं, जे सहा वर्षं अंधारात पडून होतं आणि आज बाहेर आलं. पलीकडे एक रिंग वाजली आणि तिने फोन कापला. काय विचारणार होती ती. तू परत काही बघितलं नाहीस का, असं? तिला त्याचा आवाजही नको होता.  चिमट्यातल्या दाताकडे तिचं लक्ष गेलं तेव्हा थर खडूसारखा पांढराफटक झाला होता. ते दिसूनही तिने तो भट्टीत घातला, मनाला समजावत की जाईल, एखादवेळी जातं. बाहेर काढला तर हिरडीच्या कडेपासून टोकापर्यंत केसाएवढी रेघ. मास्तर आपल्या टेबलावरून बघत होते.  थोड्या वेळाने म्हणाले, "जा, पाय मोकळे करून ये."

पतसंस्थेत दुपारची सुस्ती होती. पंखा फिरत होता, खिडकीमागे नेहमीचा कारकून डबा संपवून हात पुसत होता. तिला बघून त्याने तोंडभर हसू आणलं. कर्ज घेणाऱ्यांत ती त्याची लाडकी होती, कधी फोन करावा लागत नाही म्हणून.

"या ताई. मेसेज आला ना?"

"कसला मेसेज?"

"खातं बंद झाल्याचा. मी बाबांना म्हटलंच होतं, वरून यायला वेळ लागतो, पण येईल."

"कुठलं खातं बंद झालं?"

"तुमचं कर्जखातं. बाबांनी सगळी रक्कम भरली की." तो आता जरा चाचरला. "तुम्हाला माहीत नाही?"

मग त्याने सगळं सांगितलं, खिडकीच्या कडेवर नख घासत. घरच्या कपाटाची किल्ली करायला तो बाबांकडे गेला होता. सहज बोलता बोलता म्हणाला, तुमच्या ताईंचे हप्ते म्हणजे अगदी वेळेवर हो. कौतुक म्हणूनच म्हणाला. बाबांचा हात यंत्रावर थांबला. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी ते पायरीवर येऊन बसले होते, रुमालात पैसे बांधून. "मी म्हटलं, काका, ताईंना विचारलंत का, त्यांची सही लागेल. तर म्हणाले, पैसे नेताना सही लागते, आणून देताना कशाला? त्यांच्यापुढे काय बोलणार मी? भरल्यावर खातं आपोआप बंद होतं. वर मला म्हणाले, तिला सांगू नका, मेसेज येईल तेव्हा तिलाच कळू दे." त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "चांगलंच झालं ना, ताई? व्याज वाचलं."

"परत चालू होईल?"

"बंद झालेलं? नाही हो. नवीन काढावं लागेल."

"बाबांच्या नावावर काढलं आणि मला जामीन घेतलं तर? नाहीतर बाबाच मला जामीन?"

तो ओशाळून हसला. "त्यांचा नंबर मी गंमत म्हणून बघितला होता त्या दिवशी. त्यांच्या नावावर काहीच नाही. चांगलं नाही, वाईट नाही. रेकॉर्डच नाही. जन्मात कधी कुणाचं काही घेतलंच नसेल तर यंत्राला कळणार कसं, की असा माणूस आहे म्हणून?"

बाहेर ऊन डोळ्यांत खुपत होतं. तिने रस्त्याच्या कडेला उभं राहून बँकेतल्या बाईंना फोन केला. बाईंनी ऐकून घेतलं, कीबोर्डचा आवाज आला, मग उसासा. "एकच चालू खातं होतं हो तुमचं. आता अर्ज करूच नका. नाकारला गेला की नंबर आणखी पडेल. नवीन छोटं काढा आणि सहा महिन्यांनी या." सहा महिन्यांनी त्या भट्टीच्या जागी खोके रचलेले असतील, हे त्या बाईंना सांगून काय उपयोग होता. ती थँक्यू म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला जो राग आला तो तिने पूर्वी कधी अनुभवला नव्हता, नवऱ्याच्या वेळीही नाही. नवऱ्याने नुसतं दुर्लक्ष केलं होतं. बाबांनी लक्ष देऊन, पायरीवर बसून, रुमालात बांधून आणून तिचं वाटोळं केलं होतं. कुणी सांगितलं होतं तुम्हाला, ती मनात ओरडत होती, कुणी विचारलं होतं, आयुष्यभर तुमचं ते एकच, राहायला नको, राहायला नको, जरा राहिलं असतं तर काय आकाश कोसळलं असतं. आणि लगेच तिला तो रुमाल दिसला. निळ्या काठाचा. किल्लीमागे सुटे पैसे मिळवणाऱ्या माणसाने एवढी रक्कम किती वर्षांत बांधली असेल. तिला रस्त्यातच रडू आलं आणि त्याचाही राग आला. धड रागावूही देत नाही हा माणूस.

लॅबमध्ये परतल्यावर तिने तो दात पहिल्यापासून घेतला. जुना थर घासून काढला, टोपी उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरली, भुकटी कालवली. भट्टीत दात आकसतो, म्हणून तो आधी हवा त्यापेक्षा थोडा मोठा घडवायचा असतो. हे तिला मास्तरांनी शिकवलं होतं आणि सुरुवातीला तिला ते जमायचंच नाही, तिचा हात नेमक्या मापावर थांबायचा आणि भाजून निघालेला दात तोंडात खुळखुळायचा. मास्तर म्हणायचे, तू बापावर गेलीयेस, जेवढ्यास तेवढं. आज हात स्थिर होता. दात निघाला तो इतका जिवंत की क्षणभर ती बघत राहिली. मग तिने मास्तरांना सांगितलं. एका दमात, बाबांचं नाव न घेता, एवढंच की जमत नाही. मास्तरांनी दात दिव्याखाली फिरवून पाहिला. "पुतण्याला सोमवारी सही देतो मग," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझे ब्रश तेवढे घेऊन जा, ते यादीत धरलेले नाहीत." त्यांनी पाठ फिरवली आणि बराच वेळ दिव्याची वायर नीट करत बसले.

घरी जाताना तिने ठरवलं की बाबांना काही सांगायचं नाही. त्यांना कळलं तर ते खचतील. चुलत्यांच्या आजारपणाच्या खर्चातला आपला वाटा द्यायचा राहून गेला तेव्हा ते चार दिवस जेवले नव्हते. यापेक्षा एक खोटं बोलणं सोपं. मेसेज आला, नंबर वर गेला, पण मास्तरांचाच विचार बदलला. सगळा दोष मास्तरांवर. मास्तरांना काय फरक पडतो. जिना चढताना तिने ते वाक्य तोंडात घोळवून घोळवून गुळगुळीत केलं. ज्या पायरीवर वसुलीवाला उभा राहिला होता तिच्यावर ती अजूनही पाय ठेवत नसे, ओलांडून जायची. आजही ओलांडली.

बाबा टेबलाशी बसले होते. पेपर समोर, चष्मा कपाळावर. तिने चप्पल काढली.

"आज काही मेसेज आला का?"

"आला," ती म्हणाली.

बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. चेहरा गंभीर ठेवायचा त्यांचा प्रयत्न चालला होता, पण गाल ऐकत नव्हते. लहान मुलाने पाठीमागे काहीतरी लपवून उभं राहावं तसे ते दिसत होते. "मग? वर गेला असेल चांगलाच. आता कुणाचं काही राहिलं नाही तुझ्यावर." आणि तिने काही बोलायच्या आत, "सांगणार नव्हतो. पण म्हटलं, ही एकटी कुठवर ओढणार. मला लपवून हप्ते भरत होतीस. मी काय खाल्लं असतं तुला?"

तिने खुर्ची ओढली आणि बसली. बाबांचे हात टेबलावर होते, बोटांच्या टोकांना पितळेचा पिवळटपणा, धुऊनही न जाणारा. तिने घोळवलेलं वाक्य तोंडात आलं, अगदी दातांच्या मागे.

"मास्तरांचं कसं मग? शुक्रवारी मी येऊ का बरोबर?"

"नको. ते मी बघते," ती उठून दाराकडे बघत म्हणाली.

म्हणाली आणि तिला ते ऐकू आलं. तोच सूर, तोच सहजपणा. समोरच्याला बरं वाटावं म्हणून फेकलेलं, मागे काहीही नसलेलं वाक्य. नवऱ्याने ते म्हटलं तेव्हा तोही असाच उभ्याउभ्या दाराकडे बघत असेल.  ती पुन्हा खाली बसली.

"बाबा, नंबर पडला."

"पडला?"

"तुम्ही कर्ज फेडलंत म्हणून पडला. ते मुद्दाम काढलं होतं. नंबर सुधारायचा तर थोडं देणं चालू ठेवावं लागतं आणि वेळेवर फेडत राहावं लागतं. तसंच असतं ते. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला लाज वाटत होती. तुमची नाही, त्या जिन्याची. सांगितलं असतं तर तुम्ही गेला नसतात. लॅब गेली, बाबा. मास्तर सोमवारी सही देणार आहेत."

 खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली भरत होतं, पाण्याचा आवाज चढत चढत गेला आणि नळ बंद झाला. ते काहीतरी बोलतील, कपाळाला हात लावतील, उठून खिडकीशी जातील, या सगळ्याला ती तयार होती. बाबांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, डोळ्यांवर लावला आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

हे शब्द तिने त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकले नव्हते. आईसमोरही नाही.  नाही हो, तुम्ही चांगल्या मनाने केलंत, असं काहीतरी बोलायला हवं होतं, पण ते खोटं झालं असतं. खरं म्हणजे त्यांचं चुकलंच होतं आणि तिचंही.  तिने फक्त त्यांच्या हातावर हात ठेवला आणि आजवर कधी न केलेली ही गोष्ट दोघांनाही जड गेली.

"किती ठेवायचं असतं देणं?" बाबांनी विचारलं.

"थोडंसं."

"आणि किती दिवस?"

"तसं कायमच."

"कायम," बाबा स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला, शर्टाचं बटण चाचपलं आणि तिच्याकडे न बघता, दुकानात पहिल्यांदाच आलेल्या गिऱ्हाइकाच्या अवघडलेल्या आवाजात म्हणाले, "मला शंभर दे. आहेत?"

तिने पर्स उघडली. नोट काढून त्यांच्या पुढे धरली. त्यांनी ती घेतली, दोनदा घडी केली आणि छातीवरच्या खिशात ठेवली.

"उद्या सकाळी देतो," ते म्हणाले.

"नको," ती म्हणाली. "महिनाअखेरीला द्या."

बाबांनी मान हलवली. खिशावर हात ठेवला आणि तसाच धरून बसले, नोट जड असल्यासारखा.